तळमजल्यावरची देवी

अर्जावर मजल्याचे तीन चौकोन होते, आणि तळमजल्याच्या चौकोनात खूण मी केली. माझ्या हातानं, म्हाताऱ्याच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे बघून. तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. बाकीचे नुसते अर्ज भरतात, मी माणूस बघते, असं. ते कौतुक आठवलं की अजून तोंडात कडू पाणी येतं.

मी पारध्याची. मराठवाड्यात, एका तालुक्याच्या गावाबाहेर आमची पालं. सातवीत माझी आश्रमशाळा सुटली ती सुटलीच. पुढं पुण्यात एका वसतिगृहात भाकऱ्या थापायला लागले. तिथं एकदा तंजावूरचे एक सर बैठकीला आले. त्यांच्या मोबाइलवर एका बाईचं बोलणं होतं. त्यांनी ते सगळ्यांना ऐकवलं आणि विचारलं, कुणाला कळतं का? मी चहा घेऊन आत आले होते. मला कळलं. ती बाई सुनेला शिव्या देत होती, आणि त्या शिव्या माझ्या आईच्या होत्या. मी हसले. सर म्हणाले, "बस." मला खुर्ची दिली. त्याआधी बैठकीत कुणी मला खुर्ची दिलेली नव्हती. त्या एका खुर्चीसाठी मी हजार किलोमीटर लांब, तंजावूरला आले.

तमिळ लोक ज्यांना नरिकुरवर म्हणतात ते स्वतःला वाघरी म्हणवतात. बसस्टँडच्या भिंतीला टेकून मण्यांच्या माळा, सुया, पिना विकायच्या आणि तिथंच निजायचं. कुण्या काळी उत्तरेतून फिरत फिरत खाली आलेले. त्यांची बोली आणि आमची बोली सख्ख्या नाही तरी चुलत बहिणी आहेत. सरांच्या संस्थेला अशा कुटुंबांना घर मिळवून द्यायचं आणि त्यांनी त्या घरात टिकावं म्हणून सोबत राहायचं काम मिळालं होतं. दारावर पाटी होती, 'संस्कृतीच्या पायावर निवारा'. माझ्या हुद्द्याचं नाव होतं गृहसाथी.

सर इथल्या जुन्या मराठी घराण्यातले, राजवाड्यामागच्या गल्लीतले, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांची मराठी जुन्या दप्तरातली वाटायची, आणि हेल तमिळ. "भय कसाला धरतेस?" असं म्हणायचे. "तुज मराठी येते, त्यांची भाषा येते, तमिळ येईल की. शरी?" शरी म्हणजे ठीक. त्यांनी मला खोली बघून दिली, ताप आला तेव्हा घरून रसम पाठवलं. हे मी विसरत नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. ज्याचं खाल्लं त्याचा वीट आला की आपण आपल्यालाच नको होतो.

आणि वीट येण्यासारखं पुष्कळ होतं. कार्यालयात पाहुण्यांना चहा स्टीलच्या पेल्यात, वाघऱ्यांना कागदी कपात. माळा विकणारी बाई टेबलाला हात लावून गेली की मागून फडकं फिरायचं. फडकं फिरवणारी बाई मला सांगायची, "तुम्ही तशा नाही हो, स्वच्छ असता." मी हसायचे. आणि खरं सांगायचं तर दोन महिन्यांत मलाही त्यांच्या अंगाचा वास यायला लागला. टाउन बसमधे कुणी वाघरी चढली आणि लोकांनी पदर नाकाला लावले की मी खिडकीबाहेर बघायचे. खोलीवर येऊन केस दोनदा धुवायचे. कुणाचा वास धूत होते, देव जाणे.

इमारत गावाबाहेर, कालव्याच्या पलीकडं. तळमजला आणि वर दोन मजले. अकरा घरं वाघऱ्यांना, बाकीची तमिळ कुटुंबांना. सरांनी जिन्याच्या भिंतीवर कोल्हे रंगवून घेतले, मण्यांच्या माळा रंगवून घेतल्या. तो ऑइलपेंट आठवडाभर वाळला नाही, चढणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्याला लाल कोल्हा लागायचा. संस्कृतीसाठी चाळीस प्रश्नांची प्रश्नावली होती. गाणी कोणती, दागिने कोणते, लग्नात काय खाता. मी सगळी भरली. देवी कुठं ठेवता, असा प्रश्न त्यात नव्हता. पण तो मला कशाला हवा होता? उत्तर मला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं.

त्या म्हाताऱ्याच्या म्हातारीची आणि माझी भेट बसस्टँडवर झाली. नाव विचारायच्या आधी तिनं विचारलं, "तुमची देवी बोकडाची का रेड्याची?"

आमच्यात कुळं अशीच ओळखतात, देवीला बळी कशाचा जातो त्यावरून. मी म्हटलं, "रेड्याची."

तिनं बोटांवर काहीतरी जुळवलं. "मग तू माझ्या बहिणीची पोर. मावशी म्हण मला. आणि त्या माकडाला काका म्हण."

माकड म्हणजे तिचा नवरा. तो शेजारीच तार वळत बसला होता. न बघता म्हणाला, "माकडानं चाळीस वर्षं माकडीण सांभाळली."

"सांभाळली! भिंतीला टेकवून ठेवली म्हण."

मी मावशीला विचारलं, घर मिळालं तर त्यात काय काय हवं? अर्जात तसं लिहायचं होतं. मला वाटलं पंखा म्हणेल, नळ म्हणेल. ती म्हणाली, "कडी. आतून लागणारी."

"आणि?"

"आणि काय? न्हाणीला दार आणि दाराला आतून कडी. नहाण आल्यापासून लुगडं नेसूनच अंघोळ केलीय मी, उजाडायच्या आत, स्टँडच्या नळावर. तरी बघणारे असायचे. एकदा तरी सगळं सोडून बसायचंय मला पाण्याखाली. मग मेले तरी चालेल."

हे मी अर्जात लिहिलं नाही. लिहायला जागा नव्हती.

घरात जायचा दिवस आला. डफ आणला होता, फोटोवाला होता, सरांनी दाराला आंब्याची पानं बांधली होती. काकांच्या पाठीवर देवीचं गाठोडं होतं. साध्या घरात साधं गाठोडं असतं, हे साऱ्या भावकीचं होतं. वडिलांकडून मोठ्या मुलाकडं येत आलेलं. आत काय असतं ते बाईनं विचारायचं नसतं. काकांनी उंबऱ्यावर पाय ठेवला आणि वर पाहिलं. छतावर पावलं वाजत होती. कुणीतरी बादली ओढत होतं.

"वर कोण आहे?"

"माणसंच की, काका."

"बायका?"

तेव्हा कुठं मला आठवलं.

आमच्यात देवीच्या गाठोड्यावरून बाईचं पाऊल जाऊ द्यायचं नसतं. तिच्या लुगड्याची कड लागू द्यायची नसते. पालात ही अडचण येत नाही, पालावर आभाळ असतं. लहानपणी आई मला परकर गोळा करून गाठोड्याच्या बाजूनं जायला शिकवायची, आणि चुकून घेर लागला तर गालफडात द्यायची. दहाव्या वर्षी मला त्या गाठोड्याची घाण वाटायला लागली, म्हणजे माझीच वाटायला लागली. माझ्या पायांत असं काय आहे? मग आश्रमशाळा आली. तिथं पलंगावर पलंग, मुलीवर मुली. देवी नाही, विटाळ नाही. मी ते मनातून पुसूनच टाकलं. इतकं पुसलं, की देवीवाल्या माणसाच्या अर्जावर तळमजला लिहिला. एखाद्या तमिळ बाईनं लिहिला असता तर अज्ञान म्हणता आलं असतं. पारध्याच्या पोरीनं लिहिला. बाकीच्या देवीवाल्या घरांना नशिबानं सगळ्यात वरचा मजला लागला होता.

काका उलट फिरले. आवाराच्या भिंतीबाहेर कडुलिंब होता, त्याच्या फांदीला गाठोडं टांगलं आणि खाली बसले. फोटोवाला विचारत राहिला, "हे कार्यक्रमात आहे का?"

आणि मी काय केलं? सरांना म्हणाले, "त्यांची म्हणे काहीतरी रूढी आहे." म्हणे! जशी काही मी मुंबईची बाई. खूण मी केली, हे सांगितलं नाही. माझ्या नोकरीची मुदत वाढायची होती. परत भाकऱ्या थापायला जायचं नव्हतं.

सर ऐकून खूशच झाले. "काय सांगतेस! हें कुठें लिहिलेंच नाही कुणी." मग विचारात पडले. "मजला बदलणें कठीण. चिठ्ठ्या निघाल्या, सह्या जाहल्या. पाहणी अकरा दिवसांनी. कुटुंबप्रमुख घरांत राहत नसेल तर वाटप रद्द, ठाऊक आहे ना? एक करूं. तें गाठोडें आपल्या कार्यालयांत ठेवूं. काचेचें कपाट करूं, आंत दिवा. खाली माहिती लिहूं."

रसम पाठवणारा हाच माणूस.

"त्यात रक्त लागलेले कपडे असतात, सर. बळीच्या रक्ताचे."

त्यांनी नकळत खिशातली बाटली काढली आणि हाताला जंतुनाशक चोळलं. "मग काच जाड घेऊं," म्हणाले.

आवारात छोटं छप्पर बांधून द्या म्हटलं, तर ते अतिक्रमण ठरत होतं. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या फुलवालीला कारण सांगून विचारलं, घर बदलाल का? ती गजरे ओवता ओवता म्हणाली, "का? माझ्या पायाला काय लागलंय? शेण?" तिच्या जागी मी असते तर बादलीच ओतली असती माझ्या डोक्यावर.

मावशी मात्र रोज दुपारी घरात यायची. काकांना सांगायची, पाणी भरून आणते. आत येऊन न्हाणीत जायची, कडी लावायची, आणि तासभर बाहेर यायची नाही. मी दाराबाहेर फरशीवर बसायचे. आतून पाण्याचा आवाज आणि तिचं बोलणं. कडी लागली की ती वेगळीच बाई व्हायची. शिव्या, गाणी, मेलेल्या लेकराच्या आठवणी, सगळं पाण्याबरोबर वाहायचं.

पाहणीला चार दिवस उरले असताना ती आतून म्हणाली, "पोरी, हे घर जाणार ना?"

"काका आले नाहीत तर जाणार."

तिनं नळ बारीक केला. मग म्हणाली, "एक सांगते. गिळून टाक." कुठल्याशा जत्रेच्या बंदोबस्तात एकदा त्यांना नदीकाठावरून उठवलं होतं. पुरुषांना गाडीत कोंबून नेलं. गाठोडं झाडाला तसंच राहिलं आणि सामान पेटवायला माणसं आली. "मी ओढून काढलं. लुगड्याखाली पोटाशी बांधलं. दोन दिवस, दोन रात्री. माझे दिवस होते तेव्हा. समजलं? ते सुटून यायच्या आत परत झाडाला बांधलं. त्याला सांगितलं, देवीनं स्वतःला राखलं."

"मग?"

"मग काय! त्यानं बोकड कापला खुशीत. मीही खाल्ला." आणि ती हसायला लागली. न्हाणीच्या भिंतींत ते हसणं घुमलं. "काही नाही झालं बघ. ना मला, ना तिला. पोटाशी लेकरासारखी निजली होती."

मी गिळून टाकायला हवं होतं.

आधी वाटलं, तिनंच सांगावं. मी तसं म्हणालेही. ती चिडली. "वेडी का? भावकीला कळलं तर पंच बसतील. चूल वेगळी करतील माझी. माझी लेक, नाती त्यांच्यात दिल्यात. माझ्या हातचं पाणी कुणी घेणार नाही." एवढं तिनं मला सांगितलं होतं. नीट, सुट्या सुट्या शब्दांत.

पाहणीच्या आदल्या सकाळी सरांचा फोन आला. सौम्य बोलले. त्यांचं सौम्य बोलणंच मला भिववतं. म्हणाले, "एवढें एक घर गेलें तर वरच्यांस काय सांगूं? तुज मी कशाला आणलें हें ते पुसतील." झालं. मी कडुलिंबाखाली गेले. काका रुद्राक्षांना भोकं पाडत होते. मावशी स्टँडवर गेली होती, ते मी बघूनच गेले होते.

"काका, देवीला बाईचा विटाळ लागला तर काय होतं?"

"कोप होतो."

"आणि लागलेला असूनही झाला नसेल तर?"

त्यांचा हात थांबला. मी बोलत गेले. जत्रा, नदीकाठ, लुगडं, दोन दिवस. मला वाटत होतं मी त्यांना मोकळं करतेय. मी मनाशी हेच म्हणत होते, की देवीनं बाईला आधीच पोटाशी घेऊ दिलंय, मग वरून चार पावलं गेली तर काय बिघडलं? केवढा शहाणा विचार. सातवी नापासाला शोभेल असा.

काका गाठोड्याकडं बघत म्हणाले, "गाठ उजवीकडं होती. मी डावीकडं मारतो."

"म्हणजे?"

"म्हणजे मला तेव्हापासून ठाऊक आहे."

त्यांनी टोचा खाली ठेवला. "मी बोललो नाही. ती बोलली नाही. देवीही बोलली नाही. तिघांत होतं ते." मग माझ्याकडं वळले आणि त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. "आता तू चौथी. तुला कुणी सांगितलं? आणखी कुणाला ठाऊक आहे? तुझ्या कार्यालयाला?"

"नाही, काका, कुणालाच…"

"पंचांना सांगणार आहेस?"

मी नाही म्हणाले. पण ते ऐकतच नव्हते. हात जोडून उठले. गुडघे धरून, कडुलिंबाला टेकून, माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस माझ्यासमोर हात जोडून. "येतो, बाई. आजच येतो घरात. तू गप्प राहा म्हणजे झालं. तिला काही करू नका."

आतापर्यंत मला पोरी म्हणायचे. आता बाई म्हणाले, जसं हवालदाराला साहेब म्हणतात तसं.

मी तिथंच म्हणायला हवं होतं, काका, येऊ नका, राहू दे घर. नाही म्हणाले. पाहणी उद्या होती.

दुपारी ते आत आले. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात खुंटी होती, तिला गाठोडं टांगलं आणि त्याच्याकडं पाठ करून भिंतीशी बसले. दुसऱ्या दिवशी साहेब लोक आले. चूल पेटलेली, माणसं हजर. कुणीतरी विचारलं, "आवडलं का घर, आजोबा?" काका म्हणाले, "फार." साहेबांनी जिन्यातल्या कोल्ह्यांसोबत फोटो काढून घेतले. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्यास कसें समजाविलेंस?" मी म्हटलं, "आपल्या भाषेत बोलले." सरांचे डोळे भरून आले. हेंच, हेंच आपलें काम, म्हणाले. पुढच्या बैठकीत त्यांनी ते उभं राहून सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुदत वाढली माझी. मी कार्यालयाच्या मागं जाऊन ओकले, आणि तोंड धुऊन परत येऊन पेढा खाल्ला.

मावशीला कुणी सांगायची गरज पडली नाही. चाळीस वर्षांच्या संसारात नवरा कुठल्या कुशीवर निजला यावरून बाईला कळतं. मी गेले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. "तू सांगितलंस," एवढंच म्हणाली. विचारलं नाही. आता ती न्हाणीत गेली की आतून फक्त पाण्याचा आवाज येतो.

मला झोप लागेना. शेवटी एके दिवशी सरांसमोर बसले आणि सांगून टाकलं. अर्जावर तळमजला मी लिहिला, कुणी सांगितलं नव्हतं, मला रूढी माहीत असून लिहिला. दुसऱ्या मजल्यावरचं एक कुटुंब गाव सोडून जातंय, ते घर काका-मावशीला द्या, चूक माझी म्हणून लिहून घ्या, मला काढायचं तर काढा. काढलं नाही त्यांनी. म्हणाले, "लिहून दे. प्रयत्न करितो." आणि खरंच केला. काचेचं कपाट सांगणारा हाच माणूस तीन कचेऱ्या फिरला आणि सही घेऊन आला. मी त्यांच्या पाया पडले. मला त्यांचा संपूर्ण राग कधीच करता येत नाही, ही माझी अडचण आहे.

कागद घेऊन मी धावतच तळमजल्यावर गेले. काका तसेच बसले होते. मी सांगितलं, वरचं घर मिळालंय, तुमच्या डोक्यावर आता फक्त गच्ची, गच्चीला कुलूप, चढायला आपण खुर्चीची डोली करू.

त्यांनी कागद हातात घेतला नाही. "नको."

"काका, देवीसाठी…"

"भावकीला गुडघ्यांचं कारण सांगितलंय. आता वर गेलो तर ती विचारेल, मग इतके दिवस खाली कसा राहिलास? देवीला खाली चाललं, तर का चाललं? काय सांगू?" त्यांनी बायकोकडं पाहिलं नाही. "खाली बरं आहे. गुडघ्यांना बरं आहे. तू तसंच लिहिलं होतंस ना?"

मला खाली बसावंसं वाटलं, त्यांचे पाय धरावेसे वाटले. आमच्यात चूक अशीच कबूल करतात. मी वाकले. तेवढ्यात मावशी आतून ओले केस पुसत आली. तिनं माझ्याकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं, आणि नवऱ्याला म्हणाली,

"वाट दे तिला. निघालीय ती."